माठातलं पाणी काहून थंड होते?

मघाशी इथे आल्या आल्या मला माठाचं पाणी मिळालं. बाहेर पारा ४४ च्या वर, आणि पाणी गारेगार. देणाऱ्या पोराला विचारलं, "काहून थंड झालं रे?" तो म्हणाला, "माठच थंड असते, सर." उत्तर चूक आहे, पण आजचं व्याख्यान त्यानेच सुरू करून दिलं.

स्थायूत कण जागच्या जागी थरथरतात, द्रवात एकमेकांना धरून सरकतात, वायूत सुटे धावतात. हे इथल्या पोरांना पाठ आहे. पण दोन कणांच्या मधे काय असतं, असं विचारलं की निम्मा वर्ग सांगतो, हवा! अरे, हवाही कणांचीच ना? मधे काहीच नसतं. नुसती मोकळी जागा. हे मोठ्यांनाही पचत नाही.

आता माठ. पाण्याचे सगळे कण एका वेगाने हलत नाहीत; काही मंद, काही तरतरीत. माठ पाझरून बाहेरून ओला होतो, आणि तिथले तरतरीत कण शेजाऱ्यांची ओढ तोडून हवेत निसटतात. हुशार पोरं दहावीनंतर अकोल्याला गेली की गावच्या कॉलेजचा निकाल खाली येतो, तसंच. (मागे राहिलेल्यांनी राग मानू नये, मीही त्यातलाच.) उरलेल्या कणांचा सरासरी वेग उतरला, म्हणजेच तापमान उतरलं. एकटा कण ना थंड असतो, ना ओला.

हिशोब करू. एक ग्रॅम पाणी उडताना साधारण ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातं. १० लिटर पाणी १० अंशांनी उतरवायला एक लाख कॅलरी काढाव्या लागतात. म्हणजे सुमारे १७० ग्रॅम पाणी, एक पेलाभर! प्रत्यक्षात जास्त उडतं, कारण गरम हवा माठाला तापवतच असते.

आपला हा खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खाऱ्या पाण्यातले पाण्याचे कण उडून जातात, क्षार मात्र मागेच राहतात. माठावर पांढरी पापडी धरते, छिद्रं बुजतात, पाझर थांबतो. जुना माठ "मेला" म्हणतात ना, तो असा मरतो. कूलरच्या ताट्याही, म्हणजे ज्यांवरून पाणी झिरपतं त्या गवताच्या जाळ्या, अशाच कडक होतात.

आणि मृग लागला, दोन सरी पडल्या की तोच कूलर, तेच पाणी, पण पाठ घामाने चिकचिक. हवेतच पाण्याच्या कणांची एवढी गर्दी झालेली असते, की ताटीवरून जितके निसटतात, जवळजवळ तितकेच परत येऊन बसतात. लोकांना वाटते कूलर बिघडला. खरं सांगतो, गेल्या जूनमध्ये मीही मिस्त्री बोलावला. त्याने मोटारीत तेल घातलं आणि दोनशे रुपये घेऊन गेला.