वार सांभाळते तोवर

"सोनोग्राफी तर नॉर्मल होती, मग जन्मल्यावर असं कसं झालं?" मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भट्टीच्या, आजारात हा प्रश्न हमखास येतो. उत्तर वारेत, म्हणजे प्लॅसेंटात आहे. गर्भाला ऑक्सिजन तसा बेताचाच मिळतो. काही ऊर्जा तो साखर अर्धवट जाळून काढतो आणि त्यातून साठणारं लॅक्टेट वारेवाटे आईकडे जातं. पेशीतली भट्टी बिघडलेली असली, तरी नाळ कापेपर्यंत आई ते निस्तरत राहते. मग श्वास सुरू होतो, ऊब स्वतःची स्वतः राखायची असते. एक-दोन दिवसांत बाळ धापा टाकतं, दूध ओढत नाही, मलूल पडतं.

मेंदू आणि हृदयातला बिघाड मात्र कधीकधी जन्मापर्यंत थांबत नाही, पोटातच दिसतो. पायरुवेट डीहायड्रोजिनेज हे साखरेतून ऊर्जा काढायला लागणारं एन्झाइम कमी पडलं, तर मेंदूच्या दोन भागांना जोडणारा पूल, म्हणजे कॉर्पस कॅलोसम, पातळ राहतो किंवा बनतच नाही. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या फुगतात. हा पूल साधारण २०व्या आठवड्याला पुरता दिसतो. त्यामुळे १८व्या आठवड्याच्या तपासणीत शंका आली, तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पाहायला हवं. बार्थ सिंड्रोम या मायटोकॉन्ड्रियाच्याच आजारात हृदयाचा स्नायू पोटातच दुबळा होतो. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने अशा घरात मुलगेच दगावल्याचा इतिहास सापडतो. बाकीच्या खुणा, म्हणजे वाढ खुंटणं, गर्भजल कमी-जास्त होणं, गर्भाच्या अंगात पाणी धरणं, यांना कारणं अनेक. नुसत्या वजनावरून हे नाव कुणी घेऊ नये. आधी आईचं हिमोग्लोबिन आणि रक्तदाब बघा.

आता, हा आजार "आईकडून येतो" असं सर्रास म्हणतात, त्या वाक्याबद्दल. ते अर्धंच खरं आहे. मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा डीएनए १६,५६९ जोड्यांचा, ३७ जनुकांचा, आणि तो आईकडूनच येतो. पण मायटोकॉन्ड्रियाला लागणारी हजाराहून अधिक प्रथिनं केंद्रकातल्या जनुकांवर अवलंबून असतात आणि लहानपणी दिसणारे बहुतेक आजार तिथलेच. ते बहुधा आई-वडील दोघांकडून मिळून येतात. प्रत्येक गरोदरपणात धोका २५ टक्के. आपल्या कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागात मामाच्या मुलीशी सोयरीक नवी नाही, काही घरांत सख्ख्या मामाशीही लग्न लागतं. मामे-आते भावंडांत आठवा हिस्सा जनुकं सामाईक असतात, मामा-भाचीत चौथा. तेव्हा सासूबाईंनी सुनेकडे बोट दाखवण्याआधी दोन्ही घरांचा तीन पिढ्यांचा वंशवृक्ष कागदावर मांडावा. गर्भपात, मृत जन्म, लहानपणी गेलेली मुलं, तरुणपणीचा बहिरेपणा आणि मधुमेह, सगळं त्यात यावं.

आईच्या मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत दोष असला, तरी दोन भावंडांचं सारखं होत नाही. खानापूरच्या भाताचं पोतं घ्या, त्यात थोडे पोचट दाणे मिसळलेले. मूठ भरली की एका मुठीत पोचट दोनच येतात, दुसरीत निम्मे. बीजांड तयार होताना अशीच मूठ भरली जाते. पोचटांचं, म्हणजे सदोष डीएनएचं, प्रमाण एका मर्यादेपलीकडे, बहुधा ६० ते ९० टक्क्यांच्या पुढे गेलं, की त्या अवयवाचं काम अडतं.

तपासणीचा क्रम उलटा होतो तो इथेच. ११ ते १३ आठवड्यांत वारेचा तुकडा किंवा १६व्या आठवड्यानंतर गर्भजल काढता येतं, पण शोधायचं काय ते आधी ठाऊक हवं. घरातला बदल सापडलेला नसेल, तर सुई टोचूनही हाती फारसं लागत नाही. मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएतल्या ८९९३ या जागेवरच्या बदलात वारेतलं प्रमाण बाळाच्या शरीराशी बऱ्यापैकी जुळतं. ३२४३ या जागेवरच्या बदलाचं मधलं प्रमाण आलं, तर बाळाचं पुढे काय होईल हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. गर्भलिंग निवडीला बंदी घालणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्यात जनुकीय चयापचय विकारांसाठी नोंदणीकृत केंद्रात अशी तपासणी करायला मुभा आहे. लिंग सांगायला नाही.

म्हणून नवजात बाळ गंभीर असेल, त्याच वेळी डीएनए तपासणीसाठी २ ते ३ मिली रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए बाटलीत घ्या. बाटली हलकेच उलटीसुलटी करा आणि फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. लॅक्टेटचा नमुना वेगळा, करड्या झाकणाच्या बाटलीत. पट्टा फार वेळ आवळून आणि बाळ रडत असताना घेतला, तर आकडा खोटा चढतो. बाटलीवर नाव, तारीख, वेळ. निपाणीचं बाळ कोल्हापूरला नेलं, तर कागद दोन राज्यांत विखुरतात. आशाताईंनी तायी कार्डाच्या, म्हणजे कर्नाटकातल्या माता-कार्डाच्या, मागे लिहून ठेवावं: नमुना कुठे आहे, कोणत्या तारखेचा.