पाणी सावरायला वेळ देतं

नमस्कार श्रोतेहो. मी ठाण्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. आज बोलायचंय ते अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेल्यांबद्दल, आणि पाण्यात उभं राहून करायच्या व्यायामाबद्दल. पोहता यायला हवं असं मुळीच नाही.

नौपाड्यातले एक काका माझ्याकडे यायचे. डावी बाजू अधू झालेली. घरात चालायचे, पण सगळा भार उजव्या पायावर, हात भिंतीला आणि नजर फरशीवर. पडण्याची धास्तीच तेवढी बसली होती. आणि ती खोटी नव्हती. जमिनीवर तोल गेला की सावरायला क्षणभरही मिळत नाही. छातीभर पाण्यात मात्र अंगाचा जेमतेम तिसरा हिस्सा भार पायांवर येतो, आणि पाण्याच्या अडसरामुळे माणूस कलंडतोही सावकाश. तेवढ्यात अधू पाय टेकवता येतो.

पहिल्या दिवशी काकांनी कडेची दांडी इतकी घट्ट धरली, की बोटांची पेरं पांढरी पडली. मी त्यांच्या डाव्या अंगाला उभी. काही दिवसांनी दांडी सुटली, तेव्हा मी हातांनी त्यांच्याभोवती पाणी ढवळू लागले. लाट आली की ते झुकायचे, पुन्हा सरळ व्हायचे. एकदा डाव्या पायावर सावरले आणि म्हणाले, "अगं पोरी, हा पाय आहे की अजून!" माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

असा मुद्दाम तोल ढळवून सावरायला शिकवणं हॅलिविक पद्धतीत आहे. जेम्स मॅकमिलन यांनी ती १९४९ साली लंडनमध्ये अपंग मुलींसाठी सुरू केली.

पण कृपा करून पेशंटला एकट्यानं तरणतलावात उतरवू नका. पाणी कोमट हवं, साधारण ३३ ते ३५ अंश; गार पाण्यात ताठरलेले स्नायू आणखी आखडतात. फिट येत असेल, बीपी आटोक्यात नसेल, जखम उघडी असेल किंवा लघवीची नळी असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. जमिनीवरचे व्यायामही सोडायचे नाहीत, कारण चालायचं शेवटी फरशीवरच आहे.

आणि बाहेर येताना घाई नको. पायरी चढताना अंगाचा भार एकदम परत येतो, कधी चक्करही येते. घरच्या कुणीतरी अधू बाजूला उभं राहावं, पाय पुसून द्यावेत आणि पाच मिनिटं खुर्चीत बसवावं.