फ्रीझरमधली नऊ वर्षं

अध्यक्ष महोदय आणि मंडळी,

निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय, 'प्राणघातक विषाणूंवरची लस कशी तयार होते'. विषय मीच सुचवला होता, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. अशी व्याख्यानं बहुधा जेन्नरच्या गवळणीपासून सुरू होतात, मग पाश्चर येतो, मग त्याचा कुत्रा चावलेला मुलगा येतो, आणि करोनापर्यंत गाडी पोहोचेस्तोवर निम्म्या खुर्च्या रिकाम्या झालेल्या असतात. म्हणून मी थेट मार्च २००९मध्ये उडी घेतो. गाव हॅम्बुर्ग.

तिथल्या एका प्रयोगशाळेत, सर्वांत कडक बंदोबस्ताच्या, म्हणजे चौथ्या जैवसुरक्षा पातळीच्या दालनात, एक संशोधिका उंदरांवर एबोला या प्राणघातक विषाणूचा प्रयोग करत होती. हातात मोज्यांचे तीन थर. सुई तिन्ही थर भेदून बोटाला लागली. एबोला झालेल्यांपैकी सरासरी निम्मे लोक दगावतात, हे तिला इथल्या कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं. औषध नाही, लस नाही. जगभरातले एबोलावाले, तेव्हा ते एका टेलिफोन कॉलवर मावण्याइतकेच होते, फोनवर जमले. चर्चेअंती ठरलं ते असं: कॅनडात विनिपेगच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत एक लस आहे. माकडांना तिने वाचवलंय. माणसाला ती आजवर टोचलेली नाही. ती विमानाने मागवायची.

मागवली. सुई लागल्यापासून दोन दिवसांच्या आत ती टोचली. बारा तासांनी ताप चढला. आता हा ताप लसीचा की एबोलाचा? उत्तर रक्ताच्या तपासणीतून यायचं, तोवर बाहेर उभ्या असलेल्या डॉक्टरांनी करायचं काय, तर वाट पाहायची. सुदैवाने रक्तात लसीचा विषाणू सापडला, एबोला सापडला नाही. ताप उतरला, ती बरी झाली. लसीमुळे वाचली का? सांगता येत नाही. मुळात तिला संसर्ग झाला होता की नाही, हेही सांगता येत नाही. एकच व्यक्ती, तुलनेला दुसरा गट नाही. सभागृहात संख्याशास्त्राचे कुणी प्राध्यापक असतील तर त्यांच्या चेहऱ्यावरची वेदना मला इथून दिसतेय.

ही गोष्ट मी गेली कितीतरी वर्षं सांगतोय. ऐकणारे म्हणतात, वा, काय थरारक! मला थरारात रस नाही. मला पुढच्या प्रश्नात रस आहे. जी लस एबोलाच्या तज्ज्ञांना आपल्याच सहकारी बाईला टोचावीशी वाटली, ती नंतर कुठे गेली?

ती फ्रीझरमध्ये गेली. म्हणजे जिथून आली होती तिथेच.

थोडं मागे जाऊ. ही लस मुळात लस म्हणून बनवलेलीच नव्हती. गुरांच्या आणि घोड्यांच्या तोंडात फोड आणणारा एक विषाणू आहे. व्हीएसव्ही म्हणतात त्याला. माणसाला त्याचा फारसा त्रास नाही. हाइन्झ फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या पृष्ठभागावरचं प्रथिन काढून तिथे एबोलाचं प्रथिन बसवलं. त्यांना अभ्यास करायचा होता तो त्या प्रथिनाचा. पण हा बदललेला विषाणू टोचलेले उंदीर नंतर एबोलालाही बधले नाहीत, आणि मंडळींच्या लक्षात आलं की आपल्या हाती भलतंच काही लागलंय. २००५ साली माकडांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकच टोचणी, आणि माकडं वाचली. २०१०मध्ये एका लहानशा कंपनीने परवाना घेतला. माणसांवरची पहिली सुरक्षा-चाचणी केव्हा सुरू झाली? ऑक्टोबर २०१४मध्ये. नऊ वर्षं! तोवर पश्चिम आफ्रिकेत हजारो माणसं मेली होती.

यात खलनायक शोधू नका, मी शोधून पाहिला. हिशेब सरळ होता. १९७६मध्ये एबोला सापडल्यापासून २०१२पर्यंत, सगळ्या साथी मिळून, जगात सुमारे अडीच हजार रुग्ण. तेही बहुतेक मध्य आफ्रिकेतल्या खेड्यांतले, ज्यांच्याकडे विकत घ्यायला पैसे नाहीत. उंदीर-माकडांपर्यंतचं काम संशोधक करतो, त्याला शोधनिबंध मिळतो. लाखो डोस बनवण्याचं काम कंपनी करते, तिला बाजार मिळतो. मधल्या पट्ट्यात ना निबंध आहे ना बाजार. माणसाला देण्याजोग्या शुद्धतेचे डोस बनवा, ते टिकतात का पाहा, शंभरेक निरोगी माणसांना टोचा, कागदपत्रं भरा. कंटाळवाणं आणि महागडं काम. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि त्यासाठीच मी आज आलोय, की प्राणघातक विषाणूंवरच्या लसी प्रयोगशाळेत क्वचितच अडतात. त्या या मधल्या पट्ट्यात अडतात, कारण त्या पट्ट्याचा मालक कुणी नाही.

आता माझं स्वतःचं गाऱ्हाणं. अध्यक्षांनी परवानगी दिली आहे असं समजतो. निवृत्तीच्या आधी आम्ही काही जणांनी एका दुर्मीळ पण भयंकर विषाणूवरच्या लसीसाठी निधी मागितला होता. कुणाकडे, ते सोडा. अर्जात एक रकाना होता, 'लाभार्थींची अपेक्षित संख्या'. आम्ही बसलो विचार करत. रोग आला नाही तर शून्य. रोग आला आणि लस चालली, तरी ज्यांना तो होणार होता आणि झाला नाही, अशांची संख्या, म्हणजे मोजता न येणारी. आमच्यातला एक तरुण म्हणाला, सर, 'सर्व' लिहूया. तसं लिहिलं. चौकशीचं पत्र आलं, 'सध्या या रोगाचे रुग्ण किती?' आम्ही प्रामाणिकपणे कळवलं, सध्या एकही नाही. उत्तर आलं की मग प्रस्ताव पुढील वर्षी सादर करावा. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुठल्या देशात साथ आली, तेव्हा त्याच कार्यालयातून फोन. आवाजात काळजी. "लस किती दिवसांत मिळू शकेल?" मी म्हणालो, तुमच्या रकान्यात तपासून सांगतो. फोन ठेवला गेला. कुणी ठेवला ते मी सांगणार नाही.

हसा, पण त्या साहेबाची अडचणही समजून घ्या. रुग्ण नसताना पैसे दिले तर लेखापरीक्षक विचारणार, फायदा काय झाला? न आलेल्या साथीची पावती कुठून आणायची?

जाता जाता, ज्याचा मुद्द्याशी दूरचाच संबंध आहे ते सांगतो, नाहीतर राहून जाईल. मारबर्ग नावाचा एबोलाचा चुलतभाऊ आहे. तो १९६७ साली जर्मनीतल्या मारबर्ग आणि फ्रँकफुर्टमध्ये आणि बेलग्रेडमध्ये सापडला. युगांडातून आणलेल्या माकडांपासून तो प्रयोगशाळांतल्या माणसांना लागला. एकूण ३१ जण आजारी पडले, त्यांतले ७ दगावले. आणि ती माकडं आणली होती कशासाठी? त्यांच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर पोलिओची लस बनवण्यासाठी. लस करायला गेलो आणि नवा विषाणू घेऊन आलो! असो.

२०१४. गिनी, लायबेरिया, सिएरा लिओन. अखेरीस २८,६००हून जास्त रुग्ण, ११,३००हून जास्त मृत्यू. ऑगस्टमध्ये कॅनडाने फ्रीझर उघडून जागतिक आरोग्य संघटनेला ८०० ते १००० डोस देऊ केले. तेवढ्यात लस चालते की नाही हे ठरवायचं कसं? गिनीत एक सुरेख युक्ती काढली, देवीच्या निर्मूलनातलीच. एक रुग्ण सापडला की त्याच्या संपर्कातले आणि त्या संपर्कांच्या संपर्कातले, अशा सगळ्यांचं एक कडं आखायचं. काही कड्यांना लगेच लस, काहींना तीन आठवड्यांनी. मार्च २०१५मध्ये चाचणी सुरू झाली. लस घेतलेल्या ५,८३७ जणांपैकी दहा दिवसांनंतर एकालाही एबोला झाला नाही. लस न मिळालेल्यांत २३ जणांना झाला. लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये मोठ्या चाचण्या सुरू होईपर्यंत साथच ओसरली, आणि तिथे लस चालली की नाही हे ठरवायला रुग्ण उरले नाहीत. साथ ओसरल्याचं दुःख करणारा संशोधक जगाला राक्षस वाटतो. पण उत्तर न मिळाल्याची किंमत पुढच्या साथीतली माणसं मोजतात.

चिठ्ठी आली आहे. 'पाच मिनिटे'. खाली दोन रेघा मारल्या आहेत. तर आता जो विषय छापलाय तो पाच मिनिटांत.

लस बनवायची म्हणजे आधी ठरवायचं की विषाणूचा कुठला भाग शरीराला ओळखायला लावायचा. बहुतेक वेळा तो पेशीत शिरायला वापरतो ते बाहेरचं प्रथिन. इथे घोळ असा की ते प्रथिन पेशीला चिकटताना आकार बदलतं. चुकीचा आकार दाखवला तर विषाणूला अडवायला शरीर तयार करतं ती प्रतिपिंडं निकामी, कधीकधी घातक. १९६६च्या सुमारास आरएसव्ही या बाळांच्या फुप्फुसांवर हल्ला करणाऱ्या विषाणूवर फॉर्मालिनने मारलेली लस दिली गेली. पुढे तोच विषाणू लागला तेव्हा लस घेतलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के बाळांना रुग्णालयात न्यावं लागलं, न घेतलेल्यांत हे प्रमाण ५ टक्के. दोन बाळं दगावली. त्यानंतर कितीतरी दशकं त्या लसीच्या वाटेला जायला लोक धजेनात. २०१३मध्ये जेसन मॅकलेलन आणि बार्नी ग्रॅहम यांच्या गटाने त्या प्रथिनाचा पेशीला जुळण्याआधीचा आकार दाखवला आणि तो तसाच रोखून धरला. हीच कल्पना पुढे करोना विषाणूंवर वापरली. त्यांच्या पृष्ठभागावरच्या काट्यांच्या प्रथिनात प्रोलीन या अमिनो आम्लाचे दोन रेणू घालून त्याचा आकार पक्का केला. हे २०१७पर्यंत झालेलं होतं. म्हणून जानेवारी २०२०मध्ये नव्या करोना विषाणूचा जनुकक्रम जाहीर झाला आणि मार्चच्या मध्यात पहिली टोचणी झाली. लोक मला विचारतात, दहा वर्षांचं काम दहा महिन्यांत कसं केलं, काहीतरी गाळलं असणार. गाळलं काही नाही, आधीची वर्षं मोजायची राहिली.

मग तो भाग शरीरात न्यायचा कसा: मेलेला विषाणू, दुबळा केलेला, दुसऱ्याच्या पाठीवर बसवलेला, किंवा आरएनएच्या, म्हणजे पेशीला प्रथिन बनवायची सूचना देणाऱ्या रेणूच्या, चिठ्ठीवर लिहिलेला. मग प्राणी. मग थोडी निरोगी माणसं, मग काहीशे, मग हजारो. एबोला, मारबर्ग, निपाह यांच्या बाबतीत तो शेवटचा टप्पा साथीशिवाय करता येत नाही, आणि साथ वाट पाहत नाही.

युगांडाचं उदाहरण देतो आणि थांबतो. २०२२मध्ये तिथे एबोलाच्या सुदान प्रकाराची साथ जाहीर झाली सप्टेंबरमध्ये. गिनीतली लस दुसऱ्या प्रकारावरची, ती इथे उपयोगाची नव्हती. चाचणीच्या लसी पोहोचल्या डिसेंबरमध्ये, तेव्हा शेवटचा रुग्ण घरी गेलेला होता. तेव्हापासून डोस तिथेच आणून ठेवले, चाचणीचा आराखडा आधी मंजूर करून घेतला. जानेवारी २०२५च्या ३० तारखेला पुन्हा साथ जाहीर झाली. लसीकरण सुरू झालं ३ फेब्रुवारीला. त्या दोन साथींच्या मधल्या काळात कुणीतरी फ्रीझर चालू ठेवण्याची बिलं भरली असणार. त्या माणसाच्या अर्जात लाभार्थींच्या रकान्यात काय लिहिलं होतं, ते मला पाहायचंय.

अध्यक्ष घड्याळाकडे पाहताहेत. प्रश्न असतील तर विचारा. करोनाच्या लसीने झोप येते का, हा सोडून.