एका दिवसात मुंबईतलं कुठलं म्युझियम?

मंडळी, मुंबईची सहल ठरली की यादी तयारच असते. काळ्या घोड्याजवळचं म्युझियम, भायखळ्याचं, मणिभवन, रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं, आणि जमलंच तर जहांगीर. सगळं एका दिवसात! अशा सहलीत माणसं फक्त हजेरी लावतात. तिसऱ्या म्युझियमपर्यंत पाय बोलायला लागतात आणि चर्चा जेवण कुठे घ्यायचं यावर येते. म्हणून म्हणतो, एकच निवडा आणि दोन-तीन तास निवांत बघा.

मोठं बघायचं, तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. जुनी माणसं अजून प्रिन्स ऑफ वेल्सच म्हणतात. १९०५ साली त्याची पायाभरणी झाली, १९१४ मध्ये इमारत उभी राहिली, पण महायुद्धात तिथे लष्करी रुग्णालय होतं, त्यामुळे लोकांसाठी दारं उघडायला १९२२ उजाडलं. इमारतीचे वास्तुकार विटेट साहेबाने विजापूरचा गोलघुमट डोळ्यांसमोर ठेवून घुमट बांधला, आणि त्याच्या आत, पहिल्या मजल्यावर, नाशिकच्या एका वाड्यातून विकत आणलेली लाकडी महिरपी कमानींची रांग बसवली. तिथे मान वर करून थोडं थांबा. आत अकबराचं चिलखत आहे, टाटांनी जमवलेली युरोपातली तैलचित्रं आहेत, इराकमधल्या निमरूद इथल्या प्राचीन असिरियन राजवाड्यातली कोरीव शिळाचित्रं आहेत. शिल्पांची आवड असेल तर इथेच जा, माझं पुढचं ऐकूच नका.

पण तुमच्यापैकी बहुतेकांना बघायची आहे मुंबई. त्यांनी भायखळ्याला उतरावं. राणीच्या बागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. हे भाऊ दाजी मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे, पेशाने डॉक्टर, वर संस्कृत आणि जुने शिलालेख यांचं वेड. जगन्नाथ शंकरशेट आणि जॉर्ज बर्डवूड हा इंग्रज डॉक्टर यांच्याबरोबर त्यांनी या संग्रहालयासाठी खटपट केली. १८७२ साली ते उघडलं, तेव्हा नाव होतं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट. भाऊ दाजींचं नाव लागलं १९७५ मध्ये, म्हणजे शंभरावर वर्षांनी. आपल्याकडे एवढा उशीर चालायचाच!

बाहेरून इमारत साधी वाटते. आत पाऊल टाकलं की लोखंडी खांब, सोनेरी वर्खाची नक्षी, आणि काचेच्या कपाटांत मातीच्या छोट्या बाहुल्या: कुठल्या जातीजमातीचा माणूस कसा दिसायचा, कोण कुठला धंदा करायचा, कोणाची पगडी कशी. ब्रिटिशांनी माणसांची अशी वर्गवारी का मांडली असेल, हा प्रश्न मनात ठेवून ती कपाटं बघा, म्हणजे बाहुल्यांइतकाच मांडणारासुद्धा दिसायला लागतो. वरच्या मजल्यावर नकाशे आणि प्रतिकृती आहेत. सात बेटांचं हे शहर कसं झालं ते तिथे कळतं. बरोबर आजोबा असतील तर ते तिथून लवकर हलणार नाहीत.

बाहेर बागेत दगडी हत्ती आहे, तो चुकवू नका. हा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये त्याला उचलून इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, तेव्हा तो कोसळून फुटला. तुकडे मुंबईत पडून राहिले आणि १९१४ साली पुन्हा जोडले गेले. जवळ जाऊन बघितलंत तर सांधे दिसतात. आणि काळा घोडा? सातव्या एडवर्डचा तो मूळ पुतळा १९६५ पासून याच बागेत आहे. फोर्टात हल्ली उभा आहे तो नवा, स्वाराविना, २०१७ चा.

मुलं बरोबर असतील तर एक व्यवहाराची गोष्ट. शेजारीच, बागेतल्या प्राणिसंग्रहालयात पेंग्विन आहेत. मुलांना त्यांचा सुगावा आधी लागला तर म्युझियम विसराच. तेव्हा आधी म्युझियम, मग पेंग्विन. बुधवारी मात्र दोन्ही बंद.

मणिभवनाचं काय, असं तुम्ही विचाराल. गांधीजी १९१७ ते १९३४ या काळात मुंबईत आले की तिथे उतरायचे. घर लहान आहे, तासाभरात होतं. पण ते गावदेवीला, भायखळ्याच्या वाटेवर नाही, म्हणून ते दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. त्याच दिवशी सकाळी गेटवेहून लाँचने घारापुरी करता येते. सोमवारी मात्र लेणी बंद असतात, तेव्हा परतीचं रिझर्व्हेशन वार बघून करा.