अर्धा सेकंद आणि डावा पाय

(दृश्य : सकाळचं कोवळं ऊन. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या.)

या दोन्ही पोर्शे ९११ जीटी३, २०२१ साली आलेल्या पिढीतल्या. दोन्हींत तेच ४ लिटरचं, सहा सिलिंडरचं, ५१० अश्वशक्तीचं इंजिन, ९००० आरपीएमपर्यंत चढणारं. फरक बघायचा तर दार उघडून आत वाकावं लागतं. एकीत पायाशी फक्त ब्रेक आणि ॲक्सिलरेटर, आणि स्टिअरिंगच्या मागे गिअर बदलायला, बोटांना लागतील असे दोन पॅडल. दुसरीत डावीकडे क्लच आहे, आणि मध्ये सहा गिअरचा दांडा.

शून्य ते शंभर : पॅडलवाली ३.४ सेकंद, क्लचवाली ३.९. क्लचवाली १७ किलोंनी हलकी असूनही मागे पडते.

(दृश्य : गिअरबॉक्सचा छेद.)

पॅडलवाल्या गाडीत क्लच असतो, तोही एक नाही, दोन. पहिला, तिसरा, पाचवा, सातवा गिअर एका क्लचवर. दुसरा, चौथा, सहावा दुसऱ्यावर. गाडी तिसऱ्यात पळत असते तेव्हाच चौथा आत लागून तयार असतो. बोट हललं की एक क्लच सुटतो, दुसरा धरतो, आणि चाकांकडे जाणारा जोर जवळजवळ तुटतच नाही. पोर्शेनं हे तंत्र ऐंशीच्या दशकात शर्यतीच्या गाड्यांवर घासूनपुसून घेतलं. ९११ मध्ये ते २००८ साली आलं.

पॅडल मात्र त्याआधीचे, फेरारीचे. २६ मार्च १९८९, रिओतली फॉर्म्युला वन शर्यत. जॉन बर्नार्डनं आखलेली फेरारी ६४०, आणि चालवायला नायजेल मॅन्सेल. सरावात गिअरबॉक्स सारखा दगा देत होता. गाडी शर्यत पुरी करेल असं संघातही कुणाला वाटत नव्हतं. मधेच स्टिअरिंग सैल झालं, तेही पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागी, बदलावं लागलं. आणि मॅन्सेल जिंकला! काही वर्षांत फॉर्म्युला वनमधून गिअरचा दांडा गेलाच.

(दृश्य : जिनिव्हाचं प्रदर्शन, दिव्यांचा झगमगाट.)

२०१३ साली पोर्शेनं जीटी३ मधूनही पायाचा क्लच काढून टाकला. वेगाच्या हिशेबानं निर्णय बरोबर होता, पण जीटी३ वर जीव टाकणारे दुखावले. २०१६ मध्ये ९११ आर आली, फक्त ९९१ गाड्या, आणि त्या फक्त हातगिअरच्या. लोक त्यांच्यावर तुटून पडले. पुढच्याच वर्षी जीटी३ मध्ये क्लच परत आला.

(दृश्य : पायांवर कॅमेरा. आवाज फक्त इंजिनचा.)

का, ते या पायांकडे बघितलं की कळतं. वळण जवळ आलंय. उजवा पाय ब्रेकवर. डाव्यानं क्लच दाबला. हातानं दांडा तिसऱ्यातून दुसऱ्यात ओढला, आणि त्याच क्षणी उजव्या पावलाची कड ॲक्सिलरेटरला लावून एक छोटी रेस दिली. इंजिनचे फेरे चाकांशी जुळले. क्लच सुटला. झटका नाही. हे सगळं श्वास घ्यायच्या आत, आणि ब्रेकवरचा दाब तसूभरही न बदलता. स्पोर्ट मोडमध्ये ही रेस गाडी स्वतः देते. ती सोय बंदही करता येते. मी बंदच करीन.

ट्रॅकसाठीच गाडी घेणाऱ्यानं पॅडल घ्यावेत, मनात किंतू न ठेवता. तिथे दोन्ही हात स्टिअरिंगवर हवेत, आणि सगळं लक्ष ब्रेकच्या खुणेवर. रोज गर्दीतून ऑफिस गाठायचं असेल तरी पॅडलच. हाफ क्लचवर घाट चढलेल्या कुणालाही डाव्या गुडघ्याचं दुखणं समजावून सांगायला नको.

पण रविवारी पहाटे मोकळ्या रस्त्यावर निघणाऱ्यानं क्लच घ्यावा, असं मला मनापासून वाटतं. जर्मनीत गावाबाहेरच्या साध्या रस्त्यावर वेगमर्यादा १०० ची. ही गाडी दुसऱ्या गिअरमध्येच तिथवर पोचते. मग तो अर्धा सेकंद वाचवून करायचं काय? त्या वेगात इंजिनशी बोलायला एवढाच दांडा आणि हा डावा पाय उरतो.

(दृश्य : डोंगरातला ओला रस्ता. चालकाचा हात दांड्यावर.)

पुढे वळण आहे. तिसरा. क्लच, रेस, दुसरा.

(आवाज : दांडा खटकन बसतो. इंजिन चढतं.)