आधी गिटार मोजा, मग हात

(गिटार शिकणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. गिटारच्या क्लासमध्ये एक वाक्य कायम कानावर पडतं : ‘सर, माझा हातच लहान आहे हो.’ आणि ते नेमकं एफ कॉर्डच्या आठवड्यात येतं. कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवायचा सुरांचा गट, आणि एफला पहिल्या बोटाने सगळ्या तारा दाबाव्या लागतात. सी जमला, जी जमला, ई मायनर तर पहिल्याच दिवशी जमला. तोपर्यंत हात पुरेसा मोठा असतो. एफ आला की तो लहान होतो!

माझं म्हणणं असं की हात सगळ्यात शेवटी तपासायचा. आधी वाद्य बघायचं, मग बसणं, आणि त्यानंतर हात.

वाद्यापासून सुरुवात करू. थोडा हिशेब आहे, पण सोपा आहे. नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (गिटारच्या पोटावरची पट्टी) तारेची जी मोकळी लांबी असते तिला स्केल लेंथ म्हणतात. क्लासिकल गिटारला ती साधारण ६५० मिलिमीटर असते. फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, सारख्या अंतरावर नसतात, हे सगळ्यांनी पाहिलंय. नटजवळ ते लांब लांब असतात, पुढे जवळ येत जातात. या ६५०च्या गिटारवर पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंत जवळजवळ ९८ मिलिमीटर अंतर आहे. पाचव्यापासून आठव्यापर्यंत मोजा, साधारण ७७ भरतं. तेवढेच फ्रेट, पण दोन सेंटिमीटरचा फरक. आणि नवशिक्याला आपण बसवतो कुठे? जिथे बोटं सगळ्यात जास्त ताणावी लागतात तिथे. परंपरा आहे म्हणून! मला विचाराल तर ज्याचा हात लहान आहे त्याने पहिले काही महिने पाचव्या फ्रेटच्या आसपास काढावेत, काही बिघडत नाही.

गिटार सगळ्या सारख्या नसतात, हेही दुकानात कुणी आपणहून सांगत नाही. फेंडरची स्ट्रॅटोकास्टर ६४८ मिलिमीटरची, गिब्सनची लेस पॉल ६२८च्या आसपास, फेंडरचीच मस्टँग ६१०. मुलांची म्हणून जी थ्री-फोर्थ गिटार विकतात ती ५८०च्या घरात. मोठ्या माणसाने ती घेतली तर लोक हसतात. हसू द्या.

आता घरात आधीच मोठी गिटार असेल तर? नवीन घ्यायची गरज नाही, एक कॅपो, म्हणजे मानेवर सगळ्या तारा दाबून बसणारा चिमटा, पुरतो. सगळ्या तारा दोन सेमीटोन (अर्धे सूर) उतरवा आणि दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावा. सूर होता तिथेच आला. पण वाजणारी लांबी ६५०वरून ५७९वर आली, म्हणजे थ्री-फोर्थ गिटारच झाली, आणि तारेचा ताणही सुमारे पाचव्या हिश्शाने कमी झाला. फ्रेटवरच्या खुणांचे ठिपके तेवढे दोन घरं सरकल्यासारखे दिसतील, त्याची सवय होते.

आणखी एक चाचणी. एफचा आकार पहिल्या फ्रेटवर धरा, मग तोच तसाच पाचव्यावर धरा. पाचव्यावर स्वच्छ वाजतो आणि पहिल्यावर मेल्यासारखा वाजतो, असं असेल तर थोडा दोष त्या रुंद घरांचा आहे, पण बराचसा नटचा असू शकतो. त्याच्या खाचा उथळ राहिल्या की तारा उंच राहतात. स्वस्त गिटारांत हे सर्रास असतं. कारागिराकडून नट घासून घ्या, ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, खाली करून घ्या, बाराच्या जाड तारा काढून दहाचा बारीक सेट चढवा. मुलाला ‘रियाज वाढव’ म्हणण्याआधी हा खर्च करा.

आता सगळ्यांनी डावा हात वर करा. अंगठा मानेवरून वर काढल्यासारखा आकडा करून बोटं फाकवा. किती फाकतात? आता अंगठा खाली आणा, मधल्या बोटाच्या समोर, पाठीमागून टेकल्यासारखा, मनगट जरा पुढे. पुन्हा फाकवा. बघा, हात तोच आहे. गिटार मांडीवर आडवी पसरून बसलं की अंगठा वर चढणारच. डावा पाय छोट्या स्टुलावर घ्या, गिटारची मान खांद्याकडे उचला, निम्मं काम तिथे होतं. बोटांच्या टोकांना दुखणं, घट्टे पडणं हे चालायचंच. मनगट किंवा अंगठ्याचं मूळ दुखलं तर मात्र थांबायचं. तिथे जिद्द दाखवायची नाही.

हे सगळं करूनही ज्यांचा हात खरोखरच अडतो, त्यांच्यासाठी दोन माणसं सांगतो. जँगो राइनहार्ट या जॅझ गिटारवादकाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. बेल्जियममध्ये जन्मलेला, भटक्या रोमानी समाजातला. १९२८च्या नोव्हेंबरमध्ये पॅरिसच्या वेशीवर त्याच्या गाडीघराला आग लागली. बायको विकायला सेल्युलॉइडची फुलं करायची, ती पेटली. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी कायमची आखडली. सहा वर्षांनी, १९३४ला, स्टेफान ग्रापेली या व्हायोलिनवादकाबरोबर त्याचा पंचक-वृंद उभा राहिला आणि युरोपातल्या जॅझने वेगळं वळण घेतलं.

ही गोष्ट लोक जिद्दीची म्हणून सांगतात. मला ती अर्धवट वाटते. त्याने केलं काय ते बघा ना. चार बोटांनी एका जागी बसून जे वाजवतात, ते त्याने सोडून दिलं. दोन बोटं घेऊन तो तारेच्या लांबीने धावायला लागला, खालून वर, वरून खाली. आखडलेली बोटं कॉर्ड धरताना पातळ तारांवर नुसती टेकवायची. गंमत म्हणजे पुढे त्याच्या हातात जी सेल्मर गिटार होती तिची स्केल लेंथ ६७० मिलिमीटर, म्हणजे नेहमीपेक्षा लांबच! जो बोटं फाकवतच नाही त्याला लांबीचं काय?

दुसरे टोनी आयोमी, बर्मिंगहॅमचे, ब्लॅक सॅबथ या रॉक बँडचे गिटारवादक. सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. ते डावखुरे, म्हणजे तारा दाबायचा हात हाच. कारखान्यातल्या वरिष्ठाने त्यांना जँगोची रेकॉर्ड ऐकवली. मग त्यांनी प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यांवर चामडं चिकटवलं. जाड तारा झेपेनात म्हणून बँजोच्या बारीक तारा लावल्या. पुढे १९७१च्या अल्बमपासून काही गाण्यांत तारा तीन सेमीटोन उतरवल्या, आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी तीनवरून काळी एकवर. तारा सैल झाल्या आणि आवाज जड झाला. तो जडपणा पुढे हेवी मेटलच्या शेकडो वादकांनी घेतला, बोटं शाबूत असलेल्यांनी!

बोटं फाकवण्याचा प्रश्नच काढून टाकायचा, तर तो रस्ता आपल्याकडे आहे. ब्रिजभूषण काबरा यांनी गिटार मांडीवर आडवी ठेवून, डाव्या हातात दांडा धरून, तो तारांवर सरकवत राग वाजवले. त्यांच्या हातात काही उणीव नव्हती, त्यांना मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं, हवी होती. पण ज्याची बोटं वळत नाहीत आणि मूठ धरता येते, त्याने याचा जरूर विचार करावा. फ्रेटचा आधार जातो, त्यामुळे कान मात्र पक्का लागतो.

एक चिठ्ठी आली आहे. ‘वय बासष्ट, बोटं सकाळी आखडतात, सुरुवात कशाने करू?’ ताई, आधी डॉक्टरांना बोटं दाखवा. मग युकुलेले घ्या. चार नायलॉनच्या तारा, गिटारपेक्षा पुष्कळ आखूड, आणि कॉर्डचे आकार गिटारच्या चार पातळ तारांचेच, नावं तेवढी बदलतात. उद्या गिटारकडे यावंसं वाटलं तर तेच आकार चालतील. दुपारी, बोटं मोकळी झाल्यावर, दहा-दहा मिनिटं वाजवा. आणि घेताना नातवाला बरोबर नेऊ नका, तो तुम्हाला इलेक्ट्रिक गिटार घ्यायला लावेल.