याची माय कशी शे?

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘शर्यतीचा घोडा कसा पारखावा’. ते मी सांगणारच आहे. आधी एक विनंती. कार्यक्रम संपल्यावर मला कोपऱ्यात घेऊन “रविवारी कोणता येईल?” असं विचारू नका. मी लोकांना घोडे निवडून देतो, पैजा लावत नाही. लग्न ठरल्यापासून हे मी सासऱ्यांना समजावतोय. ते आज पहिल्या रांगेत आहेत, वही घेऊन. (हशा)

सारंगखेडा तुम्हाला मी काय सांगायचा? दत्तजयंतीची यात्रा, तापीचा काठ, थंडी आणि मैलभर घोडे. तिथलीच गोष्ट. आमच्या एका जिनिंगवाल्या मित्रासाठी मी लिलावात शिंगरू घेतलं होतं. अस्सल थरोब्रेड, म्हणजे खास शर्यतीसाठी पैदास केलेली जात. बाप नामांकित. कॅटलॉगात बापाचं नाव वाचलं आणि हात वर केला, पुढची ओळसुद्धा वाचली नाही. घोडा सहा शर्यती धावला. सगळ्यात चांगला नंबर पाचवा, आणि त्या दिवशी धावणारे होते सात.

मित्र म्हणाला, यात्रेत नेऊन विकू. नेला. ६४ इंच उंच, अंगावर तकाकी, मला वाटलं उड्या पडतील. पहिल्या गिऱ्हाइकाने कान पाहिले. मारवाडी, काठेवाडी घोड्याच्या कानांची टोकं एकमेकांना भिडतात, याचे आपले सरळ. तो नाक मुरडून गेला. दुसऱ्याने गळ्याखाली हात फिरवून देवमण, म्हणजे शुभ मानतात तो केसांचा भोवरा, शोधला. नव्हता. तिसरा डोळ्याखाली वाकून आसूढाळ, म्हणजे तिथला अशुभ भोवरा, आहे का ते बघत बसला. चौथा म्हणाला, रेवाल चालवून दाखवा, म्हणजे ती देशी घोड्यांची डौलदार चाल. अहो, थरोब्रेड तो! त्याला रेवाल चालवणं म्हणजे पैलवानाला लावणीला उभं करणं.

भोवऱ्यांना मात्र हसू नका हं. थरोब्रेडच्या पासपोर्टवर घोड्याची आकृती असते, आणि अंगावरचे भोवरे तिच्यावर फुलीने नोंदवतात. शुभ-अशुभासाठी नव्हे, ओळख पटावी म्हणून, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे. आता मायक्रोचिप आली, डीएनए आलं, पण फुल्या आहेतच.

तर शेवटी एक म्हातारबा आले. कान नाही, भोवरा नाही, काही पाहिलं नाही. बिडी विझवली आणि अहिराणीत विचारलं, “भाऊ, याची माय कशी शे?” मी मोठ्या ऐटीत बापाचं नाव सांगायला लागलो. म्हणाले, “बाप नही भाऊ, माय.” मला सांगता येईना. मी, सल्लागार!

माझं सगळं म्हणणं म्हातारबांच्या त्या चार शब्दांत आहे. नराकडे एका हंगामात शंभरावर घोड्या येतात. घोडी अकरा महिने पोट वागवते आणि वर्षाला एकच शिंगरू देते. म्हणून या धंद्यात एका बापाच्या पोरांना भावंडं म्हणतच नाहीत. आई एक असेल तरच भाऊ. आपण गोत्र बापाचं सांगतो, इथे उलटं. आणि बापाच्या नावाने मिरवायचं तरी किती? आजचा कुठलाही थरोब्रेड घ्या, बापाच्या बाजूने मागे जात राहिलात की तिघांपैकी एकाच्या दारात उभे राहता: बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन नाहीतर गोडॉल्फिन अरेबियन.

अमेरिकेतली एक घोडी, नाव माय चार्मर. नावातच माय. (हशा) तिचं पहिलं शिंगरू १९७५ साली लिलावात १७,५०० डॉलरला गेलं. तोच पुढे सिॲटल स्लू, १९७७ साली अमेरिकेतला तिहेरी मुकुट, म्हणजे तीन मोठ्या शर्यती, त्याने एकही शर्यत न हरता जिंकला. मग १९८५ साली त्याच मायचं आणखी एक पोर, सिॲटल डान्सर, लिलावात आलं. १ कोटी ३१ लाख डॉलर! बाप निजिन्स्की, तोही मोठा, मान्य. पण भाव चढला तो भावामुळे. तो भावासारखा धावला नाही, हेही सांगतो. तुम्ही म्हणाल, मग माय बघून मिळालं काय? प्रश्न रास्त आहे...

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. म्हणजे विषय आत्ता सुरू करायचा!

भराभर सांगतो. कॅटलॉगात आईचं पान आधी उघडा. ठळक अक्षरं मोठ्या शर्यतींत चमकलेल्यांनाच मिळतात. ती आईला, आजीला आहेत का बघा. पणजीच्या ठळक अक्षरांवर पैसे घालू नका. घोडा समोरून येताना आणि पाठमोरा जाताना चालवून बघा, पाय सरळ पडतात का. पायांचे एक्स-रे, घशात दुर्बीण. श्वास घेताना घरघरणारा घोडा कितीही देखणा असो, सोडा. जन्मतारीख बघा. आपल्याकडे कागदावर सगळे १ जानेवारीला वर्षाने मोठे होतात, त्यामुळे मेमधलं शिंगरू जानेवारीतल्यापुढे कोवळं दिसणारच, त्याला उगाच नापास करू नका. पुढे पैदास करायची असेल तर कृत्रिम रेतनाची नळी थरोब्रेडला चालत नाही, घोडी नराकडे न्यावीच लागते, तो खर्च धरा. आणि हातोडा पडण्याआधी घोडा डॉक्टरांना दाखवा, नंतर नव्हे.

त्या घोड्याचं काय झालं, विचारताय? विकला गेला नाही. मित्राच्या जिनिंगच्या आवारात आहे, कापसाच्या गाड्यांना वाट देत नाही. घरी येऊन मी जुना कॅटलॉग काढला. त्याच्या मायची आधीची पाच शिंगरं धावली होती, एकही जिंकलं नव्हतं. सगळं छापलेलं होतं, बापाच्या नावाखालच्याच ओळीपासून.